माझं कुलूप आणि पाच जणांचा मान

मी एक जुना, तीन हातांतून गेलेला, एकदा डोकं पुसून घेतलेला आणि आता चमच्यांच्या खणात पडून असलेला मोबाईल आहे. मित्रांनो, खरं सांगायचं तर मी फार दमलोय. बॅटरी फुगलीय. पाचचं बटण आत बसलंय ते बसलंयच. शेजारी एक वाकडा झारा झोपतो, त्यानं कूस बदलली की माझ्या काचेवर आणखी एक ओरखडा. तरी तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. मध्येच आवाज बारीक झाला तर समजून घ्या. आमच्या वयात बॅटरीची शेवटची कांडी उरली की तेवढंच होतं.

माझा जन्म लांब कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. पट्ट्यावरून आम्ही भावंडं एकामागून एक सरकत होतो, सगळी सारख्या चेहऱ्याची. तिथून मी इंग्लंडात आलो आणि तिथल्या एका मोबाईल कंपनीनं मला विकत घेतलं. त्या कंपनीची रीत अशी, की गिऱ्हाइकाला फोन स्वस्तात द्यायचा, पण आत एक कुलूप घालायचं. कुलूप म्हणजे लोखंडाचं नव्हे. नियमाचं. "तुझ्यात सिम बसेल ते आमचंच. दुसऱ्या कुणाचं बसलं तर तू तोंड मिटायचंस." मी तेव्हा नवा होतो, चकाकत होतो. मला वाटलं, हे तर सोपं आहे. आयुष्यभर एकाच घरचं मीठ खायचं, त्यात काय एवढं.

माझे पहिले मालक एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या मुलीनं मला त्यांच्यासाठी घेतलं होतं, पण ते मला फक्त वेळ बघायला वापरायचे. एके दिवशी त्यांनी भिंतीवर मोठं घड्याळ लावलं आणि माझी गरज संपली. मी जुन्या वस्तूंच्या बाजारात एका टेबलावर, इस्त्री आणि टोस्टरच्या मधे येऊन पडलो.

तिथं मला प्रसेनजीतनं उचललं.

प्रसेनजीत कोल्हापूरचा. कसबा बावड्यातला. हॉटेलचं शिक्षण घेऊन तो एका बंदराच्या गावात नोकरीला आला होता. त्याच्या गल्लीतून परदेशी जाणारा तो पहिलाच, म्हणून निघताना गल्लीनं त्याचा सत्कार केला होता आणि गल्लीच्या तोंडाला त्याच्या फोटोचा भला मोठा डिजिटल बोर्ड लावला होता. फोटोत त्यानं आचाऱ्याची उंच पांढरी टोपी घातली होती. प्रत्यक्षात त्या हॉटेलात ती टोपी त्याच्या डोक्यावर कधीच आली नाही. तो भांडी घासायचा. सकाळपासून रात्रीपर्यंत कढया, तवे, ट्रे. साबणाच्या पाण्यानं त्याची बोटं भेगाळली होती आणि त्या ओल्या, खरखरीत बोटांनी तो माझी बटणं दाबायचा. पाचचं बटण तेव्हापासूनच कुरकुरायला लागलं.

दर रविवारी तो भटारखान्याच्या मागच्या पायरीवर बसून घरी फोन करायचा. घरी म्हणजे घरी नाही. त्याच्या घरी फोनच नव्हता. त्या काळात ज्यांच्याकडे फोन नसायचा ते शेजाऱ्यांचा नंबर द्यायचे आणि त्याला पीपी नंबर म्हणायचे. प्रसेनजीत लावायचा तो नंबर शेजारच्या आकारामकाकांचा. विठाबाई काकू उचलायच्या, भिंतीवरून हाक मारायच्या, मग चपलांचा आवाज यायचा आणि मग त्याची आई, आक्काताई, बोलायला लागायची.

"बरा हायस न्हवं?"

"मजेत हाय आई. परवा बर्फ पडला. तुमी?"

"आमी बी बरं हाय. ठेवू?"

झालं. एवढंच. मागून कुकरची शिट्टी ऐकू यायची, सुपातल्या तांदळाचा आवाज यायचा, आणि विठाबाई काकूंचं "काय म्हणतोय पोरगं?" यायचं. विठाबाई वाईट नव्हत्या हो. पण तांदूळ निवडायला त्यांना नेमकी फोनजवळचीच जागा आवडायची. आणि दुसऱ्याच्या उंबऱ्यात उभं राहून माणूस किती बोलणार? फोन ठेवला तरी प्रसेनजीत मला कानावरून काढायचा नाही. पलीकडे कुणी नसायचं. नुसती टूं टूं. ती ऐकत तो बसायचा, आणि मग माझी काच ओली व्हायची. ते साबणाचं पाणी नव्हतं, एवढं मला नक्की कळायचं.

म्हणजे बघा, त्याचं "मजेत हाय" खोटं आहे हे ठाऊक असलेला जगात मी एकटाच होतो. आणि मी सांगणार कुणाला?

मग एका रविवारी त्याची धाकटी बहीण श्रुती फोनवर आली आणि एका दमात म्हणाली, "दादा, आकारामकाकांना वारणानगरला दूध संघाची खोली मिळालीय. पुढच्या सोमवारी चाललेत. फोन बी जातोय." प्रसेनजीतलाही तिकडून निघायचं होतं. हॉटेलातलं काम संपत होतं आणि एका मोठ्या बोटीवर त्याला नोकरी मिळत होती. एकदा बोट सुटली की बंदर येईल तेव्हाच फोन, आणि तोही नंबर असेल तर. म्हणून त्यानं ठरवलं, मलाच घरी पाठवायचं. मलकापूरचा सयाजी नावाचा त्याचा सोबती सुट्टीला गावी निघाला होता. त्याच्या बॅगेत, दोन स्वेटरच्या घडीत, त्यानं मला ठेवलं. म्हणाला, "आत नवं सिम घालायचं, की झालं चालू. रविवारचा फोन मी हॉटेलातनं लावतो."

कुलपाचं त्याला माहीत नव्हतं. मी तिथल्याच सिमवर चालत होतो, कळणार कसं? मी मात्र विमानभर स्वेटरमध्ये जागा होतो.

सयाजी गुरुवारी प्रसेनजीतच्या घरी पोहोचला. दोन खोल्यांचं घर, पुढं लहानशी पडवी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली प्रसेनजीतचा तोच टोपीवाला फोटो. एसटीतून निवृत्त झालेले प्रसेनजीतचे वडील, ज्यांना सगळेच आबा म्हणायचे, ते खुर्चीत बसले होते. "जयभीम, पावणं. या, बसा," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला, पण सयाजीच्या हातापेक्षा थोडा बाजूला. सयाजीनं ते मनावर घेतलं नाही. मी घेतलं. मला आडवं-तिडवं बघायची सवय आहे.

श्रुतीनं सिम आधीच आणून ठेवलं होतं. तिनं माझी पाठ उघडली, सिम घातलं, बॅटरी बसवली आणि मला चालू केलं. आकारामकाका आणि विठाबाई काकूही येऊन बसले होते. मी डोळे उघडले. नवं सिम मला म्हणालं, चल. पण आतलं कुलूप म्हणालं, खबरदार. आणि माझ्या काचेवर इंग्रजीत अक्षरं आली.

"कोड टाका म्हणतोय," श्रुती म्हणाली.

"कसला कोड?"

"तेच तर म्हाईत न्हाय."

मित्रांनो, इथं थांबून एक गोष्ट सांगतो. असा कोड फक्त पाच वेळा टाकता येतो. पाचही वेळा चुकला की फोन कायमचा कान बंद करतो. मग खरा कोड आणून दिला तरी तो ऐकत नाही. हे मला माहीत होतं. पण मला आवाज नव्हता, आणि समोर कोल्हापूरची माणसं होती. इथं नारळ फोडायचा असो, नवी मोटरसायकल चालू करायची असो की हौदाचा नळ सोडायचा असो, पहिला मान कुणाचा हे ठरल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. एकाला मान दिला की दुसऱ्याला द्यावा लागतो. नाही दिला तर तो काही बोलत नाही, पण पुढच्या लग्नात जेवायला येत नाही.

"घरातलं थोरलं कोण? आबांचा मान," आकारामकाका म्हणाले.

आबांनी मला हातात घेतलं. त्यांचं बोट आधी माझ्या बटणांवरून चाचपत गेलं, मोजत गेलं आणि मग दाबलं. एसटीतला बिल्ला नंबर टाकला त्यांनी. मी म्हणालो, चुकलं. म्हणजे माझ्या काचेनं म्हटलं.

"आता पावण्यांचा मान. त्येनी एवढ्या लांबनं आणलाय."

"मला कशाला?" असं म्हणत सयाजीनं मला घेतलंच. पासपोर्टवरचे आकडे टाकले. चुकलं.

"आकाराम, तुमी टाका. तुमचं उपकार हायत, एवढी वर्सं फोन दिलासा," आबा म्हणाले.

आकारामकाकांनी स्कूटरचा नंबर टाकला. का, ते त्यांनाच ठाऊक. चुकलं.

विठाबाई काकू काहीच बोलल्या नाहीत. फक्त पदर नीट केला. आक्काताईला ते कळलं. "विठाबाई, तू बी दाब की."

"माझं काय मेलीचं," म्हणत त्यांनी आपल्या घरचा फोन नंबर टाकला. "पोरगं दर आठवड्याला हाच लावतंय. त्येच्या फोनाला हाच पाठ असणार, बघा तुमी." मला खरंच पाठ होता हो. झोपेत विचारला असता तरी सांगितला असता. पण कुलपाला नव्हता. चुकलं.

आता एकच संधी उरली होती. मी मनात म्हणत होतो, बास करा, उठा, जेवायला बसा. पण आक्काताईनं हात पदराला पुसले. "मी टाकतोय एकदा." कोल्हापुरात बायका अशाच बोलतात, येतोय, जातोय, टाकतोय. तिनं श्रुतीला विचारून विचारून एकेक आकडा दाबला. प्रसेनजीतची जन्मतारीख होती ती.

मित्रांनो, कुलपाचा खरा कोड तोच असायला हवा होता. कुठल्या कंपनीला आईपेक्षा जास्त अक्कल असते? पण तो नव्हता. माझ्या आत काहीतरी खट्ट झालं आणि मी कायमचा मिटलो. काचेवर नवीन अक्षरं आली.

श्रुतीनं ती दोनदा वाचली. मग हळूच म्हणाली, "आई, ह्यो आता कोड मागतच न्हाय."

"म्हंजे चालू झाला?"

"न्हाय."

त्या रात्री आबा श्रुतीला म्हणाले, "जाऊ दे. पलीकडच्या गुंडूकडं फोन हाय. त्याचा नंबर देऊ पीपी."

आक्काताई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मी परत कुणाच्या उंबऱ्यावर उभी राहणार न्हाय."

एवढंच. पण त्यानंतर गुंडूचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती श्रुतीला घेऊन राजारामपुरीत आली. तिथं ऋतुराजचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. ऋतुराज म्हणजे बोलघेवडा माणूस, केसांना जेल, गळ्यात जाड चेन, आणि जगातला कुठलाही फोन आपल्याला घाबरतो असा समज. त्यानं मला उलटं केलं, सुलटं केलं.

"कंट्री लॉक हाय मावशी. बाहेरच्या देशाचा. कोड मागवला असता की उघडला असता आरामात. कितींदा टाकला तुमी?"

श्रुतीनं सांगितलं. पाच वेळा, पाच जणांनी.

"पाच जण कशापायी?"

"मान दिला," आक्काताई म्हणाली.

ऋतुराजनं मला काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. "मान दिलासा व्हय. मग फेटा बी बांधायचा हुता की त्येला."

श्रुती हसली. आक्काताई हसली नाही. "उघडंल का न्हाय, ते सांग."

"आता कोड चालत न्हाय. बॉक्स लावाय लागतोय. म्हंजे त्येच्या डोक्यातलं सगळं पुसायचं आन नवीन भरायचं. पण मधीच लाईट गेली तर फोन मेला. मग वीट म्हणून ठेवायचा, दाराला टेकण." त्यानं भिंतीवरचं लोडशेडिंगचं वेळापत्रक बघितलं. "रविवारी दुपारी या. तवा लाईट असती."

"रविवारी सांजला पोराचा फोन हाय. शेवटचा."

"म्हणूनच दुपारी म्हणालो न्हवं, मावशी?"

रविवारी आम्ही वेळेच्या आधी पोहोचलो. ऋतुराजनं मला उघडलं, एका काळ्या डबीला तार लावली आणि डबी कॉम्प्युटरला. ती डबी म्हणजे त्याचा तो बॉक्स. "बघा मावशी," तो म्हणाला, "एकदा सुरू केलं की मागं फिरता येत न्हाय. मेला तर मला बोल लावायचा न्हाय."

आक्काताई माझ्याकडे बघत होती. "आत्ता तरी कुठं जिता हाय? लाव."

बॉक्सवर लाल दिवा लागला आणि माझं डोकं पुसायला सुरुवात झाली. दुखत नाही ते. फक्त एकेक गोष्ट हलकी होत जाते. म्हाताऱ्या गृहस्थांच्या मुलीचा नंबर गेला. बर्फाच्या दिवशी लावलेला गजर गेला. प्रसेनजीतनं साठवलेली नावं गेली. आणि तेवढ्यात पंखा थांबला.

रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांतून एकदम "ओ" असा आवाज आला. त्या रविवारी वेळापत्रक बदललं होतं आणि ते ऋतुराजला कुणी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरखाली बॅटरीचा एक डबा होता, यूपीएस म्हणतात त्याला. तो टिक टिक करायला लागला. ऋतुराजच्या कपाळावर घाम आला.

"पुरंल का?" श्रुतीनं विचारलं.

"ह्यो मॉनिटर लई खातोय," तो पुटपुटला. आणि त्यानं खाली वाकून मॉनिटरची वायर उपटली.

पडदा काळा झाला. आता काम कुठवर आलंय ते कुणालाच दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त बॉक्सचा लाल दिवा, आणि ऐकू येत होती ती टिक टिक, जी हळूहळू जवळजवळ यायला लागली होती. आक्काताईनं काउंटरवर हात ठेवला, माझ्यापासून वीतभर. मला शिवली नाही, फक्त ठेवला. मी अर्धा रिकामा, अर्धा भरलेला. मित्रांनो, जन्मात मी तेवढा कधी घाबरलो नाही. मला माझी भीती नव्हती. मी मेलो असतो तर एक वीट कमी-जास्त. पण त्या पायरीवर बसलेल्या पोराचं खोटं माझ्याबरोबर गेलं असतं, ह्याची होती.

टिक टिक सलग एक शिट्टी झाली. तेवढ्यात दिवा हिरवा झाला. आणि पुढच्या क्षणी सगळंच बंद पडलं.

ऋतुराजनं मला तारेतून सोडवलं, श्रुतीकडचं सिम घातलं, बॅटरी बसवली. मी डोळे उघडले. कुलूप कुठंच नव्हतं. कोपऱ्यात रेंजची एक कांडी आली, मग दुसरी.

"आली," श्रुती म्हणाली.

"आमच्या हातनं न्हाय मरत," ऋतुराज म्हणाला आणि त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. आक्काताईनं त्याला पैसे दिले आणि वर म्हणाली, "तुला बी मान द्याय पायजे हुता. फेटा पुढच्या बारीला." मग मात्र तो पण हसला.

आता तुम्ही म्हणाल, डोकं पुसलं तर मग हे सगळं तुला आठवतं कसं? नंबर पुसले, नावं पुसली. पण कानानं ऐकलेलं पुसणारा बॉक्स अजून निघायचाय.

संध्याकाळी भिंतीपलीकडून शेवटची हाक आली. "आक्काताई, फोन." त्यांच्या घरात भांडी पोत्यात भरायचा खणखणाट चालला होता. आक्काताईनं तिकडं जाऊन, पाठ केलेला माझा नंबर एका दमात सांगितला आणि म्हणाली, "ठेव. ह्याच्यावर लाव." आणि जवळजवळ पळतच घरी आली.

मी वाजलो. त्या घरात वाजलेली ती पहिली घंटी. आबा खुर्चीत ताठ बसले. श्रुतीनं हिरवं बटण दाबून मला आईच्या हातात दिलं.

"बरा हायस न्हवं?"

"मजेत हाय. तुमी?"

"आमी बी बरं हाय. ठेवू?"

मला रडावंसं वाटलं. म्हणजे एवढं सगळं करून, विमानातून येऊन, डोकं पुसून घेऊन, परत तेच? पण पलीकडे तो थांबला होता.

"आई, ठेवू काय? कुणाच्या घरात हायस तू?"

तिची बोटं माझ्या पाठीवर आणखी घट्ट झाली.

"उभी हायस न्हवं?"

"तुला कसं कळलं?"

"तिथं बी उभ्यानंच बोलायचीस. विठाबाई काकू बस म्हणायची, मला ऐकू यायचं. तू कधी बसली न्हाईस. आता बस की."

आक्काताईनं आजूबाजूला बघितलं. तिचाच पलंग, तिचीच गोधडी. जणू पहिल्यांदाच बघतेय अशी ती हळूच बसली. माझ्या पाठीवरची तिची बोटं सैल झाली.

"बसलो," ती म्हणाली. "आता सांग. कसा हायस?"

पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं.

"न्हाय गं बरा."

ती मधे बोलली नाही. त्याला बोलू दिलं. भांडी, साबण, हाताच्या भेगा, सगळं. ती टोपी फोटोवाल्याची होती, हेसुद्धा. बोटीवरही भांडीच घासायची आहेत आणि बुधवारी सही केली की महिनोन् महिने नुसतं पाणी. मग तिनं तिच्या बाजूचं सांगितलं. आबांना गेल्या पावसाळ्यापासून एका डोळ्यानं दिसत नाही, आणि शेजारी ऐकतात म्हणून तिला ते त्याला सांगता आलं नव्हतं. आबा खुर्चीतून म्हणाले, "त्ये कशाला सांगतीस?" आणि मग स्वतःच तोंड फिरवून बसले.

"आई, मला यायचं हाय."

"मग ये की."

"गल्लीनं बोर्ड लावला हुता माझा. लोक काय म्हणतील?"

आक्काताईनं भिंतीकडे बघितलं. पलीकडे एक पातेलं पोत्यात आपटलं.

"लोक उद्या वारणानगरला चाललेत," ती म्हणाली.

पलीकडे प्रसेनजीत हसला. मी त्याच्याकडे आल्यापासून तो एवढा मोकळा हसलेला मी ऐकला नव्हता. माझ्या बारीकशा स्पीकरला ते हसू मावेना, तो फरफर करायला लागला. श्रुतीला वाटलं, बिघडलाच. नव्हता बिघडला.

बुधवारी त्यानं सही केली नाही.

त्याआधी, फोनच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी ट्रक उभा असताना विठाबाई काकू दारात आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आक्काताई म्हणाली, "बस की." त्या बसल्या. मग चोरट्या आवाजात म्हणाल्या, "मला बी नंबर दे तुझा. तिथं मी कुणाचं ऐकू?" नंतरची कितीतरी वर्षं त्यांचा फोन वारणानगरहून माझ्यावर यायचा, आणि मागून कुकरची शिट्टी ऐकू यायची.

प्रसेनजीत आला. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तो एका कॉलेजाजवळ मेस चालवतो, खरी टोपी घालत नाही, पण स्वयंपाक स्वतः करतो. माझी काही वर्षं कौतुकात गेली. श्रुतीनं मला लोकरीचं कव्हर विणलं होतं. मग रंगीत पडद्याचे, गाणी वाजवणारे फोन आले आणि कव्हर त्यांना घट्ट झालं म्हणून तेही गेलं. मी आधी कपाटात, मग टीव्हीवर, मग चमच्यांच्या खणात. परवा भंगारवाला आला तेव्हा आक्काताईनं मला उचललं, पदरानं पुसलं आणि परत ठेवलं. मला तेवढं पुरतं. खरंच दमलोय मी, आता मला कुठलंच सिम नको.

फक्त तुमच्याकडे एक मागणं आहे, मित्रांनो. जुन्या फोनला ओल्या हातांनी दाबू नका, आणि कुलूप असेल तर पाच जणांना मान देत बसू नका, हे तर आहेच. पण खरं मागणं दुसरं. लांब गेलेल्या आपल्या माणसाला "कसा आहेस" असं विचाराल, तेव्हा तो मजेत आहे म्हणेल. ते उत्तर शेजाऱ्यांसाठी असतं. फोन ठेवू नका. आधी नीट बसा, आणि परत एकदा विचारा.